ॲमकास: एमडी-पीएचडीच्या अर्जासाठी ही सेवा कितपत कामाची?

अमेरिकेत वैद्यकाची आणि संशोधनाची अशा दोन्ही पदव्या एकत्र देणारा एमडी-पीएचडी अभ्यासक्रम करायचा, तर बहुतेक कॉलेजांचा दरवाजा एकच: ॲमकास. अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, म्हणजे एएएमसी, ही ऑनलाइन अर्जसेवा चालवते. पर्यायच नसलेल्या सेवेचं परीक्षण कशाला, असं कोणी म्हणेल. पण ही सेवा कुठली कामं करते आणि कुठली करत नाही, हे ठाऊक नसल्यामुळेच चांगल्या मुलांचे अर्ज ऑगस्टपर्यंत लटकलेले दिसतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो. हिशेब आणि टपाल या दोन कामांत ॲमकास चोख आहे. एमडी-पीएचडीवाल्यांसाठी मात्र ते एमडीचंच घर आहे, त्याला दोन निबंधांची पडवी काढलेली. त्या पडवीत काय ठेवायचं आणि काय घरातच राहू द्यायचं, हे फॉर्म सांगत नाही. आणि एकदा सबमिट दाबलं की निबंधातली वेलांटीसुद्धा बदलता येत नाही.

वेळापत्रक दरवर्षी साधारण सारखंच असतं. मेच्या सुरुवातीला फॉर्म उघडतो, मेच्या अखेरीस सबमिट करता येतो आणि तपासलेले अर्ज कॉलेजांकडे जूनच्या अखेरीपासून जायला लागतात. एमडी-पीएचडीच्या शेवटच्या तारखा बऱ्याच ठिकाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या असतात, पण त्यांच्या भरवशावर बसणं धोक्याचं. अर्ज येतील तसतसे वाचणारी आणि मुलाखतीला बोलावणारी कॉलेजं पुष्कळ आहेत. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सबमिट करायचं, एवढं धोरण पुरेसं आहे. पहिल्याच दिवशी पहाटे उठून बटण दाबल्याने काही विशेष पदरात पडत नाही.

खरा वेळ खातं ते व्हेरिफिकेशन. तुम्ही टाइप केलेली प्रत्येक विषयाची ओळ ॲमकासची माणसं तुमच्या अधिकृत ट्रान्सक्रिप्टशी, म्हणजे विद्यापीठाच्या गुणपत्रिकेशी, ताडून पाहतात आणि सगळ्यांसाठी एकाच पद्धतीने जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढतात. गर्दीच्या काळात याला चार ते सहा आठवडे लागू शकतात. रांगेत नंबर लागतो तो सबमिट केल्याच्या दिवशी नाही. सबमिट केलेलं असेल आणि सगळी ट्रान्सक्रिप्ट पोचलेली असतील, तेव्हा. ही 'सगळी'च नेमकी नडते. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला एखादा कोर्स, उन्हाळ्यात दुसऱ्या विद्यापीठात घेतलेलं कॅल्क्युलस, मध्येच सोडून दिलेला संध्याकाळचा वर्ग: यातलं प्रत्येक ठिकाण अर्जात दाखवावं लागतं आणि तिथून वेगळं ट्रान्सक्रिप्ट मागवावं लागतं. ते क्रेडिट मुख्य विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टवर आलेलं असलं, तरीही. हे विसरलं की अर्ज 'ट्रान्सक्रिप्टच्या प्रतीक्षेत' अडकून बसतो आणि कॉलेजांना तो दिसतही नाही.

उपाय सोपा आहे. मेमध्ये फॉर्म उघडला की आधी शिक्षणसंस्थांची यादी भरा आणि प्रत्येकीसाठी ट्रान्सक्रिप्ट विनंतीचा फॉर्म तयार करा. त्यावरच्या क्रमांकावरूनच आलेलं ट्रान्सक्रिप्ट तुमच्या खात्याला जोडलं जातं. शेवटच्या सत्राचे गुण लागले की लगेच, शक्यतो इलेक्ट्रॉनिक मार्गाने, पाठवायला सांगा. स्वतःसाठीही प्रत्येकाची एक प्रत मागवून ठेवा आणि विषय भरताना ती समोर असू द्या; आठवणीतून भरू नका. विषयाचं नाव, क्रेडिट, ग्रेड, सगळं छापलंय तसंच. सोडून दिलेले, नापास झालेले, पुन्हा दिलेले विषयही भरायचे. विद्यापीठ पुन्हा दिलेल्या विषयाची जुनी ग्रेड गाळत असेल, ॲमकास गाळत नाही. दोन्ही प्रयत्न धरते. तसंच ए प्लसला इथे जास्तीचं काही नाही, तो ४.० च. त्यामुळे ॲमकासचा जीपीए विद्यापीठाच्या जीपीएपेक्षा वेगळा आला तर दचकू नका. चुका फारच असतील तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो, आणि मग गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

विषयांच्या वर्गवारीकडे संशोधनाकडे ओढा असलेल्या मुलांनी जरा जास्त लक्ष द्यावं. ॲमकास दोन जीपीए वेगळे दाखवते: जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित यांचा एक, बाकी सगळ्यांचा दुसरा. न्यूरोसायन्स जीवशास्त्रात बसतं, बायोकेमिस्ट्री रसायनात, आणि स्टॅटिस्टिक्स, अगदी बायोस्टॅटिस्टिक्ससुद्धा, गणितात. कॉम्प्युटर सायन्स, इंजिनिअरिंग आणि मानसशास्त्र मात्र 'बाकी'त जातात. म्हणजे मशीन लर्निंगमध्ये रमलेल्या मुलीचे सगळ्यात उत्तम ग्रेड विज्ञानाच्या जीपीएत दिसणारच नाहीत. वर्गवारी विभागाच्या नावावरून होत नाही, विषयात काय शिकवलं त्यावरून होते. बायोमेडिकल इंजिनिअरिंग विभागातल्या एखाद्या कोर्समध्ये प्रामुख्याने शरीरक्रियाशास्त्र असेल, तर तसं नोंदवून बघायला हरकत नाही. तपासणारा ते बदलू शकतो. त्याने बदललेलं पटलं नाही, तर तपासणी पूर्ण झाल्यापासून दहा दिवसांत फेरविचाराची विनंती करता येते. ही दहा दिवसांची मुदत बऱ्याच जणांना ती उलटून गेल्यावरच कळते.

आता निबंध. परीक्षणातला सगळ्यात मोठा भाग यांना देणं भाग आहे, कारण ॲमकास सगळ्यात कमी मार्गदर्शन करते ते इथेच. सगळ्या अर्जदारांसाठी असलेला वैयक्तिक निबंध ५,३०० अक्षरांचा. एमडी-पीएचडी निवडलं की आणखी दोन रकाने उघडतात: 'एमडी-पीएचडी का', ३,००० अक्षरं, आणि महत्त्वाच्या संशोधनानुभवाचा निबंध, १०,००० अक्षरं. स्पेसही मोजल्या जातात. त्याशिवाय कामं-उपक्रमांच्या १५ नोंदी, प्रत्येकी ७०० अक्षरांच्या, त्यातल्या तीन सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडायच्या आणि त्यांना प्रत्येकी १,३२५ अक्षरं जादा. शिफारसपत्रं धरली तर तुमच्या लॅबमधलं काम वाचणाऱ्याच्या नजरेखालून चार-पाच ठिकाणी जातं. तेच वाक्य चारदा वाचायला लागलं की समितीतला माणूस कंटाळतो, आणि तो कंटाळा त्याच्या शेऱ्यात उतरतो.

म्हणून आधी वाटणी करायची. वैयक्तिक निबंध एमडीच्या समितीकडेही जातो, त्यामुळे तो वैद्यकाबद्दलच हवा: रुग्णांजवळ काय पाहिलं, डॉक्टर का व्हायचंय. लॅबचा उल्लेख चालेल, पण निबंध लॅबवर उभा नको. 'एमडी-पीएचडी का' यात एकच प्रश्न सोडवायचा: दोन्ही पदव्या लागतात त्या कशासाठी? इथे निम्मा भाग एमडीची कारणं आणि निम्मा पीएचडीची कारणं असा मांडला, की वाचणारा विचारतो, मग एमडी करून संशोधन का नाही करत? बरेच डॉक्टर करतात. उत्तर तुम्हाला सतावणाऱ्या प्रश्नातून यायला हवं. असा प्रश्न, जो रुग्ण तपासल्याशिवाय नीट पडत नाही आणि प्रयोगशाळेचं सखोल प्रशिक्षण असल्याशिवाय सुटत नाही. 'प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या यांना जोडणारा पूल' हे वाक्य मात्र कृपा करून टाळा. त्या पुलावर आधीच फार गर्दी आहे. आणि कुठल्याही कॉलेजाचं किंवा तिथल्या प्राध्यापकाचं नाव या निबंधात घालू नका, कारण हाच मजकूर तुम्ही निवडलेल्या सगळ्या एमडी-पीएचडी कार्यक्रमांकडे जातो.

१०,००० अक्षरांचा निबंध खरा निर्णायक. ॲमकासची सूचना थोडक्यात अशी: मार्गदर्शकाचं नाव आणि संस्था, अनुभवाचा कालावधी, अभ्यासलेला प्रश्न आणि त्यात तुमचं योगदान. प्रत्येक लॅबची सुरुवात पहिल्या दोन गोष्टींच्या एका ओळीने करा आणि पुढे जा. जागेची वाटणी कामाच्या वजनाप्रमाणे असावी: दोन वर्षांच्या मुख्य प्रकल्पाला साडेपाच-सहा हजार अक्षरं, दुसऱ्याला अडीच हजार, एका उन्हाळ्याच्या कामाला हजारभर. अर्जदार हमखास उलटं करतात. मुख्य प्रकल्पाची पहिली दोन हजार अक्षरं पार्श्वभूमीच्या व्याख्यानात घालवतात, आणि स्वतःच्या कामाची पाळी आली की जागा संपते.

दुसरा दोष 'आम्ही'चा. 'आम्ही त्या प्रथिनाच्या कार्याचा अभ्यास केला' या वाक्यातून तुमच्याबद्दल काहीही कळत नाही. त्याऐवजी असं काहीतरी: वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिन ओळखण्याची चाचणी) पट्टी अपेक्षेपेक्षा जड वजनाला दिसत होती, आधी अँटिबॉडी चुकीचं काही पकडतेय का ते जीन काढून टाकलेल्या पेशींवर तपासलं, मग प्रथिनावर साखरेच्या साखळ्या असाव्यात असा कयास बांधून नमुना त्या साखळ्या कापणाऱ्या पीएनजीएज-एफ एन्झाइमसोबत ठेवला, आणि पट्टी अपेक्षित ठिकाणी खाली आली. एवढ्या तीन पायऱ्यांत शंका, कंट्रोल आणि पडताळणी तिन्ही दिसतात. मुलाखतीत प्रश्नही यावरच येणार, तेव्हा जे फळ्यावर काढून समजावता येणार नाही ते लिहू नका. फसलेले प्रयोग लपवायचं कारण नाही. का फसलं आणि मग काय बदललं हे सांगता आलं, तर तो निबंधाचा सगळ्यात जिवंत भाग ठरतो. शोधनिबंध छापून आलेला नाही म्हणून खचूही नका. प्रवेश मिळालेल्यांत पहिल्या लेखकाचा शोधनिबंध नसलेले पुष्कळ असतात.

तांत्रिक बाजू कच्ची आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. रकाने साध्या मजकुराचे आहेत: इटॅलिक नाही, ठळक नाही, स्पेलिंग तपासणी नाही. वर्डमधून थेट चिकटवलं तर अवतरणचिन्हं आणि डॅश यांचा विचका होऊ शकतो. साध्या टेक्स्ट एडिटरमधून न्या. बीटा, मायक्रो, अल्फा शब्दांत लिहा. जनुकांची नावं इटॅलिकशिवायही कळतील अशी वाक्यं करा. परिच्छेदांत एक ओळ मोकळी सोडा, नाहीतर १०,००० अक्षरांचा सलग ठोकळा तयार होतो. सबमिट करण्याआधी पूर्ण अर्जाची पीडीएफ काढून दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या.

उपक्रमांच्या नोंदींत तीनच गोष्टी सांगण्यासारख्या. पोस्टर आणि सादरीकरणं सुटी-सुटी न भरता एका नोंदीत एकत्र करा, नाहीतर पंधरा जागा त्यातच भरतील. 'लेखन चालू आहे' अशा अवस्थेतला शोधनिबंध प्रकाशनांत दाखवू नका. सादर केलेला, स्वीकारलेला आणि छापलेला यांत फरक स्पष्ट ठेवा. तीन अर्थपूर्ण नोंदी तिन्ही लॅबच्याच निवडल्या तर रुग्णांशी संबंध नसलेला माणूस असं चित्र उभं राहतं. एक तरी दवाखान्यातली किंवा समाजातली असू द्या.

शिफारसपत्रांची सोय उत्तम आहे. दहा पत्रांपर्यंत नोंदवता येतात, पत्र एकदाच येतं आणि तुम्ही ठरवाल त्या कॉलेजांकडे जातं. व्हेरिफिकेशन पत्रांसाठी अडत नाही, त्यामुळे सबमिट करताना पत्रं आलेली नसली तरी चालतं. पण लक्षात ठेवा, एमडी-पीएचडीच्या समित्यांना निबंधात ज्या ज्या लॅबचं मोठं काम दाखवलंय तिथल्या मार्गदर्शकाचं पत्र हवं असतं. एखाद्याचं नसेल तर त्याची दखल घेतली जाते, आणि अर्थ सहसा वाईटच काढला जातो. रोज सोबत काम करणाऱ्या पोस्टडॉकला (पीएचडीनंतर लॅबमध्ये संशोधन करणाऱ्याला) तुमची खरी ओळख असते. पत्राचा मसुदा त्याचा आणि सही दोघांची, अशी सोय लॅबच्या प्रमुखाशी बोलून आधीच करा.

एमकॅटचे, म्हणजे मेडिकल प्रवेशपरीक्षेचे, गुण वेगळे पाठवावे लागत नाहीत, कारण परीक्षाही एएएमसीचीच. ४७२ ते ५२८ ही गुणांची पट्टी, निकाल परीक्षेनंतर साधारण महिन्याने. निकाल बाकी असतानाही अर्ज सबमिट करता येतो. त्यात एक युक्ती आहे: गुणांबद्दल धाकधूक असेल तर सुरुवातीला एकच कॉलेज घालून अर्ज तपासून घ्या, बाकीची निकालानंतर जोडली तर पुन्हा व्हेरिफिकेशन होत नाही. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५१६ च्या आसपास आहे. देशभरात दरवर्षी साधारण दोन हजार अर्जदार आणि सातशेच्या आसपास जागा भरतात. त्यामुळे हे प्रमाण ऐकायला वाटतं तितकं भीतीदायक नाही.

पैशांचं बोलायचं तर सेवा स्वस्त नाही. पहिल्या कॉलेजाला १७५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला पंचेचाळीसच्या वर. वीस कॉलेजं म्हणजे हजार-अकराशे डॉलर, आणि यात कॉलेजांच्या स्वतःच्या सेकंडरी, म्हणजे दुसऱ्या टप्प्यातल्या, अर्जांची फी आलेली नाही. ती वेगळी. फी सवलत योजना खरोखर चांगली आहे: पात्र ठरलात तर वीस कॉलेजांपर्यंतची फी माफ, एमकॅट कमी पैशांत, आणि कॉलेजांच्या माहितीचा एएएमसीचा सशुल्क डेटाबेस, म्हणजे एमएसएआर, फुकट. पण ती मंजूर होण्याआधी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. आधी सवलत, मग सबमिट. हा क्रम चुकला की शेकडो डॉलर गेले.

कॉलेज निवडताना एमएसटीपी (वैद्यक-शास्त्रज्ञ प्रशिक्षण कार्यक्रम) हा शिक्का पाहून सगळं ठरवू नका. राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानावरचा हा कार्यक्रम १९६४ मध्ये सुरू झाला आणि आज असे पन्नासहून जास्त कार्यक्रम आहेत. पण हा शिक्का नसलेले कित्येक कार्यक्रमही फी माफी आणि विद्यावेतन पूर्ण देतात. आठ वर्षांच्या आसपास जिथे काढायची, तिथे तुमच्या विषयाचे सहा-सात मार्गदर्शक आहेत का, हे जास्त महत्त्वाचं. सरकारी प्रशिक्षण अनुदान नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतं. व्हिसावर असलेल्यांना आपल्या पैशातून घेणारी कॉलेजं मोजकी आहेत, ती आधी शोधा. कॅनडा सोडून परदेशातली ट्रान्सक्रिप्ट ॲमकास तपासतच नाही आणि जीपीएतही धरत नाही, तेव्हा भारतात पदवी घेतलेल्यांना बहुतेक ठिकाणी अमेरिकेत आणखी शिकावं लागतं. टेक्सासमधल्या सरकारी कॉलेजांची स्वतंत्र अर्जसेवा आहे. तिथल्या एमडी-पीएचडीसाठी कुठला मार्ग, ते त्या त्या कॉलेजाच्या पानावर पाहून घ्या.

एक रकाना अर्जदार घाईत भरतात: प्रत्येक कॉलेजापुढे कार्यक्रमाचा प्रकार. एमडी-पीएचडीत नकार आला तर काही कॉलेजं अर्ज आपोआप एमडीकडे वळवतात, काही विचारतात, काही तिथेच थांबवतात. ॲमकासमध्ये हे कुठेही दिसत नाही. यादी करताना प्रत्येकापुढे हे लिहून ठेवा, म्हणजे मार्चमध्ये शोधाशोध करावी लागणार नाही.

सबमिटनंतर ॲमकासचं काम जवळजवळ संपतं. पत्ता बदलणं, कॉलेजं आणि पत्रं वाढवणं, एमकॅटची नवी तारीख घालणं एवढंच हातात राहतं. सेकंडरीचे निबंध, मुलाखती, सगळं कॉलेजांच्या पोर्टलवर. वसंतात मात्र खातं पुन्हा उघडावं लागतं, कारण कुठे जायचं ते तिथल्याच साधनात नोंदवायचं असतं: १५ एप्रिलपर्यंत हातात जास्तीत जास्त तीन प्रवेश ठेवायचे, ३० एप्रिलपर्यंत एक. एमडी-पीएचडीचे वर्ग लहान असतात. कुठे आठ, कुठे पंधरा जागा. तुम्ही १५ एप्रिलच्या आत एक जागा सोडलीत, तर प्रतीक्षा यादीतल्या कोणाला तरी त्याच आठवड्यात फोन जातो.